एकेचाळीस नंबरला नऊ गुण

त्रिएस्तेत त्या दिवशी बोरा सुटला होता.
रोइंग क्लबच्या वरच्या मजल्यावर
खिडक्यांचे दात वाजत होते
आणि लांब टेबलावर एकशे बारा छायाचित्रं,
फटीतून आलेल्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून
वर कॉफीचे कप, किल्ल्या,
लिव्हिओच्या चष्म्याची डबी.

आम्ही तिघं परीक्षक.
लिव्हिओ कोसुत्ता,
क्षितिज जरा कललेलं दिसलं
की याची मानच दुखते.
दारियो, वय सव्वीस,
ज्याला काहीच आवडत नाही
आणि यालाच तो शिक्षण म्हणतो.
आणि मी, ओंदिना,
एकतीस वर्षं लाल दिव्याखाली उभी राहून
परक्यांची लग्नं, परक्यांची बाळं, परक्यांची मयतं
रसायनाच्या पाण्यातून हळूहळू वर येताना पाहिलेली.

गुणपत्रिकेत चार रकाने :
रचना, प्रकाश, तंत्र, परिणाम.
परिणाम कुणावर, ते लिहिलं नव्हतं.

दीपगृहाच्या सूर्यास्ताला सगळ्यांनी आठ दिले.
मीही दिले.
लग्नाच्या पंगतीत
न आवडलेलं गोडही संपवतोच की आपण.

मग एकेचाळीस.
बोळातल्या खुंटीवर एक कोट.
बस्स. माणूस नाही, दार नाही.
डावीकडून आलेला उजेड जळून पांढरा पडलेला,
फोकस कोटावर नाही, मागच्या भिंतीवर.
उजवा खिसा फुगलेला.

माझ्या घशाशी काहीतरी आलं
आणि तिथंच बसलं.

बाबा बंदरावरच्या कॉफीच्या गोदामात हमाल होते.
खिशातून रोज माझ्यासाठी तीनचार कच्च्या बिया.
हिरवट. कच्ची कॉफी कॉफीसारखी लागत नाही,
ओल्या गवतासारखी लागते,
मी ती चावून थुंकायची आणि ते हसायचे.
पण त्यांचा कोट आखूड होता.
खुंटी नव्हती आमच्याकडे, खिळा होता.
आणि या फोटोतल्या खिशात
फार तर हातमोजे असतील.

लिव्हिओनं चार दिले.
“ओंदिना, फोकस भिंतीवर आहे.”
“दिसतंय मला.”
“मग?”

मग काय.
सूप अळणी आहे हे सांगायला
तराजू लागत नाही, असं म्हणणार होते.
पण जीभ माझी, ताट दुसऱ्याचं,
आणि ज्यानं हे रांधलं
त्याला माझ्या बापाची भूक कुठे ठाऊक होती?
दारियो पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता,
फोटोकडे बघावं तसा.
मी पेन्सिलीनं नऊ लिहिले.
हात कापला. नऊ जरा सातासारखा दिसला,
म्हणून पुन्हा गिरवला.

दुसऱ्या दिवशी सह्या करायच्या होत्या.
वारा पडला होता, समुद्र धुतल्या फरशीसारखा.
मी मुद्दाम तासभर आधी पोचले,
एकेचाळीस उचलला, खिडकीपाशी नेला.

काही नाही.

कोट म्हणजे कोट.
चौकट डावीकडे दोन अंश तरी झुकलेली,
भिंतीवरचा पोपडा मात्र लख्ख,
त्याचाच फोटो काढायचा होता जणू.
मी जवळ धरला, लांब धरला,
डोळे मिटून एकदम उघडले,
गवताची चव आठवून पाहिली.
घसा मोकळा होता.
लाज वाटली, पण कशाची, ते नीट कळेना :
काल भुलल्याची
की आज न भुलल्याची?

खिशात रबर होतं. तेवढ्यासाठीच घरून आणलेलं.
नऊ पुसून पाच करायला क्षणही पुरला असता.
पण काल नऊ देणारी बाई
आज तिथं नव्हती,
आणि माणूस समोर नसताना
त्याचा शब्द फिरवणं
मला कधी जमलेलं नाही.

बेरजेत तो सतरावा आला.
सतराव्याला काही मिळत नाही,
नावसुद्धा वाचत नाहीत.

जिन्यापाशी माझा कोट लटकत होता.
घालायच्या आधी मी थोडं मागे सरून
त्याच्याकडे पाहत राहिले.
उजवा खिसा किंचित फुगलेला.
त्यात ते रबर, चारही कोपरे शाबूत.